वाटाणा पुरे, वॉर्डात चला

मागे लातूरच्या एका नर्सिंग कॉलेजात तासाला बसलो होतो. फळ्यावर मेंडेलचा वाटाणा: उंच, बुटका, पुन्हा उंच. किनवटकडची एक मुलगी उठली. ‘मॅडम, माझ्या भावाला सिकलसेल आहे. मला काही त्रास नाही. मग माझ्यात ते असेल का?’ मॅडमनी पुस्तकातलं सांगितलं, ‘५० टक्के.’ सगळ्या वर्गाने लिहून घेतलं.

उत्तर चुकलं होतं. आई-वडील दोघं वाहक, म्हणजे स्वतःला त्रास नाही पण दोष पुढे देणारे असतील, तर पोटातल्या बाळासाठी ५० टक्के बरोबर. पण ही मुलगी धडधाकट समोर उभी आहे. म्हणजे चार शक्यतांतली आजाराची एक गळाली. उरल्या तीन, त्यातल्या दोन वाहकाच्या. आणि खरा सल्ला याच्याही पुढचा: पोरी, लग्न ठरायच्या आधी रक्त तपासून घे.

यात मॅडमना बोल लावून काय उपयोग? त्यांनाही वाटाणाच शिकवला गेला. २०२१ साली बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला. आनुवंशिकी चौथ्या सत्रात, पॅथॉलॉजीच्या शेपटाला बांधलेली, दोन्ही मिळून २० तास. पुस्तक नवं आलं, शिकवणाऱ्याची तयारी कुणी करून घ्यायची?

बाहेर काम थांबलेलं नाही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. लक्ष्य ७ कोटी लोकांच्या तपासणीचं आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचं. किनवट-माहूरच्या गोंड, आंध, कोलाम वस्त्यांत सिकलसेलच्या चाचणीत नळीतलं रक्त गढूळ दिसलं, की आई ‘आता पुढं काय?’ हे डॉक्टरला नाही, सिस्टरला विचारते. हिवतापाच्या रुग्णाला प्रायमाक्वीन देते तीही सिस्टरच. जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असलेल्याच्या तांबड्या पेशी त्या गोळीने फुटतात. मामाच्या मुलीशी सोयरीक जुळलेल्या घरात, कुणाला न दुखवता, धोका सांगायचा तोही तिनेच.

अमेरिकेने २००० सालीच परिचारिका-संशोधक आणि प्राध्यापकांसाठी जनुकशास्त्राची उन्हाळी शाळा काढली. आपल्याला तेवढा थाट नको. नांदेडच्या विष्णुपुरीचं आणि लातूरचं अशी दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं हाताशी आहेत. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने तिथे शिक्षिकांना आठवडाभर बसवावं. पहिल्या दिवशी प्रत्येकीने स्वतःच्या घराचा तीन पिढ्यांचा तक्ता काढावा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. आपल्याच घरात दुहेरी रेघ उमटली, की विषय कायमचा डोक्यात बसतो. मग बालरोग विभागात चला, किनवटच्या शिबिरात चला. परीक्षेसाठी लातूरने पॅटर्न दिला, आता खाटेशेजारी उपयोगी पडेल असा द्यावा.

तास संपल्यावर त्या मुलीला गाठून मी रक्त तपासायला सांगितलं. पण बाकीच्या वह्यांत ‘५० टक्के’ तसंच आहे. ते खोडायचं तर मॅडमच्याच हातून.