खेकडा शनिवार पाळत नाही

कोकणात जाऊन स्वतःच्या हाताने खेकडे धरावेत, अशी इच्छा मुंबई-पुण्याच्या माणसाला साधारण चाळिशी ओलांडताना होते. त्याआधी त्याला ते हॉटेलात नुसते फोडायचे असतात. इच्छा झाली की तो शुक्रवारची अर्धी रजा टाकतो, गुडघ्यापर्यंतची नवी चड्डी घेतो आणि ओळखीच्या ओळखीने अंजर्ल्याला कोणालातरी फोन लावून विचारतो, "खेकड्यांचा सीझन कधी असतो हो?" चड्डीबद्दल मला काही म्हणायचं नाही, या वयात ती कोणालाच शोभत नाही आणि माझा तिच्यातला फोटो तर पुरावा म्हणून वापरता येईल. प्रश्न मात्र मुळातच चुकलेला आहे. खेकड्याच्या बाबतीत महिन्यापेक्षा तास महत्त्वाचा, आणि तो तास वारावर ठरत नाही, तिथीवर ठरतो. शनिवार-रविवार बघून निघणारा माणूस खाडीवर साधारण निम्म्या वेळा चुकीच्या दिवशी पोहोचतो आणि परत येताना नशिबाला, गावाला किंवा बायकोने सुचवलेल्या होम-स्टेला बोल लावतो. यात नशिबाचा काहीही संबंध नाही. हे निव्वळ अंकगणित आहे.

हे गणित आपल्या आजोबांना तोंडपाठ होतं. शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी आणि पाऊणकी घोकून घेत. आजोबा आणाही पाऊणकीने मोजत आणि समुद्रही. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. दक्षिणेकडे दापोली-रत्नागिरीला हे सगळं थोडं आधी होतं, पण खेकडा तेवढी सूट देतो. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच उशिरा येते, एवढंच या कोष्टकाचं रहस्य. ज्यांचा चंद्राशी संबंध संकष्टीच्या रात्री 'उगवला का रे?' असं गच्चीवर ओरडून विचारण्यापुरता उरला आहे, त्यांनाही ही पन्नास मिनिटं उपाशीपोटी चांगली ठाऊक असतात. शिवाय भरतीला जोरही असतो. पौर्णिमा-अमावस्येच्या पुढेमागे उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. हे दोन्ही नियम एकत्र ठेवले की एक मजेशीर गोष्ट निघते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची मोठी ओहोटी नेहमी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास पडते आणि भांगाची मरतुकडी ओहोटी नेहमी भर दुपारी किंवा मध्यरात्री. तेव्हा 'सकाळी लवकर गेलं की खेकडे मिळतात' हा सल्ला अर्धाच खरा आहे. भांगात सकाळी लवकर गेलं की फक्त पाणी मिळतं.

आता हे आठवड्याला लावून बघा. रोजची पन्नास मिनिटं म्हणजे सात दिवसांत पाच तास पन्नास मिनिटं. या शनिवारी पहाटे सहाला सपाट ओहोटी असेल, तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी खाडी भरलेली असणार, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी गाडी पुन्हा मूळपदावर. थोडक्यात, समुद्रालाही एक शनिवार आड सुटी असते. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुटी 1 सप्टेंबर 2015 पासून लागली. चंद्राची ही पद्धत त्याहून जुनी आहे, पण दोघांनी एकमेकांना विचारून काही ठरवलेलं नाही. त्यामुळे बँकेतला माणूस काही महिने सलग उधाणाचे शनिवार पटकावतो आणि स्वतःला जाणकार समजू लागतो. मग एखाद्या महिन्यात पाचवा शनिवार येतो, सगळा ताल उलटतो, आणि तोच जाणकार त्याच खाडीवर, त्याच चड्डीत, रिकाम्या बादलीशेजारी उभा दिसतो.

या भांगाच्या शनिवाराचं जरा सविस्तर वर्णन करायला हवं, कारण कोकणच्या जवळजवळ निम्म्या खेकडा-सहली प्रत्यक्षात याच दिवशी पार पडतात. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. त्यातून वाट काढत मंडळी रात्री दोनला मुक्कामी येतात आणि तरीही पाचचा गजर लावतात. सहाला अंजर्ल्याच्या जोग नदीच्या खाडीवर पोहोचावं तर अष्टमीची भरती. कांदळवनाची झाडं कमरेपर्यंत पाण्यात, बिळं पाण्याखाली आणि खेकडे आपल्या घरी सुखरूप. घरमालक हात मागे बांधून सांगतो, "आज भांग आहे, भाऊ. दुपारी बघू काय ते." मधला वेळ घालवायला कड्यावरचा गणपती होतो, हर्णैच्या किनाऱ्यावरून समुद्रातला सुवर्णदुर्ग होतो, तिसऱ्यांदा चहा होतो. बाराला पाणी उतरतं ते अगदी नाखुशीने, काठचा हातभर चिखल मोकळा करण्यापुरतं. त्या चिखलात डोक्यावर ऊन घेऊन शहरातली वजनदार माणसं उतरतात. खाडीचा चिखल आधी चप्पल मागतो. ती दिली की दुसरी मागतो. एक पाय काढायला जोर लावला की दुसरा पोटरीपर्यंत जातो, आणि तो काढण्यासाठी जवळच्या माणसाचा खांदा धरला की तोही आपल्याबरोबर जातो. काठावरून मुलं शूटिंग करत असतात. घरमालकाचा पुतण्या हातात लोखंडी आकडी घेऊन या सगळ्यांभोवती पायवाटेवरून चालावं तसा चालतो, बिळाच्या तोंडावरचा ताजा चिखल बघतो आणि 'याच्यात नाही', 'याच्यात होता', 'याच्यात आहे पण तो लांब गेलाय' अशी माहिती पुरवतो. शेवटी कोणाचातरी धीर सुटतो आणि तो आकडीऐवजी बोट घालतो. आत चिंबोरी असेल तर पुढचा प्रसंग लांबतो. खाडीच्या मोठ्या चिंबोरीच्या नांग्या शिंपले फोडण्यासाठी असतात. बोट त्या मानाने मऊ. अशा वेळी हात झटकू नये आणि नांगी ओढू नये. हात चिंबोरीसकट पाण्यात धरावा, सुटकेची वाट दिसली की ती सोडण्याची शक्यता जास्त. ओढाओढ केली तर ती स्वतःच नांगी तोडून निघून जाते, पुढे कात टाकताना नवी उगवते, आणि जुनी मात्र मालकीण नसतानाही काही वेळ बोट धरून ठेवते. संध्याकाळी मंडळी हर्णैच्या बाजारातून किलोने खेकडे घेतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर बादलीचा फोटो जातो. बादलीत खेकडे कुठून आले हे फोटोत दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की बिळं नाहीत तर नाहीत, सापळा लावावा. आक्षेप रास्त आहे. लोखंडी कडीला विणलेलं जाळं, मधोमध माशाचं डोकं किंवा कोंबडीचे पाय बांधायचे आणि दोरीने पाण्यात सोडायचं. हे ओहोटीत नव्हे, चढत्या पाण्यातच चालतं. भरतीबरोबर चिंबोऱ्या कांदळवनात खायला येतात, आणि वाहत्या पाण्याने आमिषाचा वास त्यांच्यापर्यंत जातो. म्हणजे आकडीवाल्याचा वाईट तास हा जाळेवाल्याचा चांगला तास असू शकतो, एवढं मी मान्य करतो. पण तिथीपासून सुटका इथेही नाही. भांगात पाण्याला ओढ नसते, वास जागच्या जागी घुटमळतो. ऐन उधाणात ओढ इतकी की जाळं आडवं होतं आणि कोंबडीचे पाय समुद्राकडे निघतात. मधले दिवस, भरती पुरी होण्याच्या आधीचे दोनेक तास, हे जाळ्याला उत्तम. आणि ते दोन तास कधी येतात हे पुन्हा पाऊणकीलाच विचारावं लागतं. मोबाईलवर भरतीचं कोष्टक मिळतं हेही खरं, पण ते माणूस गाडीत बसल्यावर उघडतो. रजेचा अर्ज भरताना कोणी उघडत नाही.

दुसरा आक्षेप गावातूनच येतो आणि तो जास्त वजनदार आहे. किनाऱ्यावर सांगतात की काळोख्या रात्रींतली चिंबोरी भरलेली असते आणि चांदण्यातली पोकळ, मग पौर्णिमेला उधाण असून उपयोग काय? पाण्याच्या हिशेबाने पौर्णिमा आणि अमावस्येत फारसा फरक नाही. दोन्हीकडे सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. फरक फक्त उजेडाचा. उजेडात शत्रूच्या नजरेला पडू नये म्हणून खेकडा बाहेर कमी पडतो आणि कमी खातो, असा खुलासा करतात, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पण पोकळपणाचं पक्कं कारण कात टाकणं हे आहे. नवं कवच आधीच्यापेक्षा मोठं असतं, आत सुरुवातीला पाणीच जास्त, मांस भरायला वेळ लागतो. तेव्हा चांदणं बघण्यापेक्षा खेकडा उलटा करून पायांजवळचं कवच अंगठ्याने दाबावं. दबलं तर तो रिकामा, मग पंचांग काहीही म्हणो. उलटा केलाच आहे तर पोटावरची झडपही बघावी: अरुंद त्रिकोणी असेल तर नर, रुंद गोलसर असेल तर मादी, आणि झडपेखाली अंड्यांचा पुंजका असेल तर ती चिंबोरी आल्या वाटेने परत सोडावी. खाडीतली मादी अंडी घेऊन खाऱ्या समुद्रापर्यंत जाते. लाखो अंड्यांतून जी थोडी पिल्लं वाचतात, ती भरतीबरोबर पुन्हा खाडीत येतात. एवढ्या लांबच्या बाळंतपणाला निघालेल्या बाईला वाटेत अडवून वाटण लावणं बरं दिसत नाही.

तिसरा आक्षेप धर्माचा. तिथी बघायचीच तर सगळ्याच बाजूंनी बघायला हवी. पहाटे उठणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी सर्वांत सोयीची ओहोटी कृष्ण चतुर्थीला: सकाळी नऊच्या सुमाराला, पौर्णिमेच्या उधाणाचा जोर अजून शिल्लक, आदल्या रात्री झोपही पुरी. आणि नेमकी तीच संकष्टी! विनायकीलाही घड्याळ तेच आणि अडचणही तीच. उरलेल्या दिवसांतून सोमवार, गुरुवार, शनिवार घरात कोणी ना कोणी पाळतं, एकादशी आजीसाठी सोडावी लागते, श्रावण सगळ्यांसाठी. या चाळणीतून महिन्याला फार तर दोन-तीन दिवस खाली पडतात आणि ते बुधवार असतात. 'कालनिर्णय' 1973 पासून घराघरांत तिथी टांगतंय, त्याचे संस्थापक जयंतराव साळगांवकर मूळचे मालवणचे. त्या गावाला तिथी आणि कुर्ली दोन्ही कळतात. आपण मात्र त्या कागदावर दुधाचा हिशेब लिहितो.

चौथा आक्षेप घाटावरून येतो: आमच्याकडे भरती-ओहोटी नाही, आम्हाला कशाला हा व्याप? खरं आहे. सह्याद्रीतल्या ओढ्या-शेतांतल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांना चंद्राशी देणंघेणं नाही. त्यांचा मुहूर्त म्हणजे पहिल्या पावसाची ओली रात्र, हातात बॅटरी आणि पायाखाली बांध. पण मोसमी पाऊस मुंबईत सर्वसाधारणपणे 11 जूनला येतो असं हवामान खातं मानतं. तो शनिवारी येईल असं खात्यानेही कधी म्हटलेलं नाही. शिवाय याच दिवसांत माद्या पोटाच्या झडपेखाली पिल्लं घेऊन फिरतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं अंड्यातून थेट इवले खेकडे होऊनच निघतात, आईला चिकटलेली, नखापेक्षा लहान. बॅटरीच्या उजेडात ती हलताना दिसली की हात आपोआप मागे यावा. या बापड्या प्राण्यावर राज्यात एक मोठा आळही येऊन गेला आहे. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली, आणि तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं. त्यावर महाराष्ट्र महिनाभर हसला. मला ते हसू अजूनही जड जातं. झोपेत वाहून गेलेल्या माणसांच्या घरच्यांना कारण विचारायचं होतं आणि उत्तर म्हणून त्यांच्यापुढे खेकडा ठेवला गेला. खेकडे बिळं करतात यात शंका नाही. धरण नीट आहे ना हे बघायचं काम मात्र त्यांना कोणी दिलेलं नव्हतं.

ज्यांचं पोट या वेळांवर चालतं, त्यांना यातलं काहीच सांगावं लागत नाही. उधाणाच्या ओहोटीला खडकांवर कालवं काढायला बसणाऱ्या बाया घड्याळ न बघता येतात आणि पाणी घोट्याला लागलं की उठतात; भांगाचे दिवस त्यांच्या कमाईतून वजा असतात. आपली नुसती सुटी वाया जाते. म्हणून मागणी फार मोठी नाही: वर्षातून एकदा रजा तिथी बघून टाकावी, साहेबांना कारण 'घरगुती' असं सांगावं आणि पौर्णिमा-अमावस्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत, ओहोटीच्या तासभर आधी खाडीवर असावं.

रजा मिळालीच नाही आणि शनिवारच गाठावा लागला, तर तो निदान उधाणाचा निवडावा. मग घरी शनिवार पाळतात, या आक्षेपालाही उत्तर आहे, आणि ते खेकड्यानेच दिलं आहे. खाडीची चिंबोरी नांग्या सुतळीने बांधून, ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवली तर पाण्याबाहेर दोन-चार दिवस सहज जगते. महामार्गावरची रात्र ती प्रवाशांपेक्षा चांगली काढते. शनिवारी धरलेली चिंबोरी रविवारी दुपारी डोंबिवलीत ठणठणीत जिवंत पोहोचते. तेवढ्यासाठी निघण्यापूर्वी, रविवारी संकष्टी नाही ना, हे बघून घ्यावं.