व्हय म्हाराजा

सिंधुदुर्गात प्राध्यापकाने निवडणुकीला उभं राहणं ही काही नवलाई नाही. मधू दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. इथल्या राजापूर मतदारसंघाने त्यांना 1971 पासून लागोपाठ पाच वेळा दिल्लीला धाडलं. उलट मालवणच्या महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे त्या स. का. पाटलांना 1967 साली दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस नावाच्या कामगार पुढाऱ्याने पाडलं. तेव्हा युनियनवाल्याला हसू नये, हे इथल्या माणसाला पक्कं ठाऊक आहे. माझ्या बायकोला सोडून.

"घरच्या सातबाऱ्यार मेलेल्यांची नावां अजून तशीच आसत. ती काढूक तुमका सवड नाय. आणि जिल्ह्याचे सचिव होतले!"

खरं तर प्राध्यापक संघटनेचं हे सचिवपद कोणालाच नको होतं. मावळते सचिव निवृत्त होत होते आणि शासन निर्णयांनी फुगलेली त्यांची रेग्झिनची बॅग कोणाच्या तरी गळ्यात घालायची होती. बैठकीत सगळ्यांनी एकमेकांचे गुण गायले. एरवी आपल्याकडे इतकं चांगलं बोलतात ते माणूस गेल्यावर. शेवटी दोन नावं उरली, मी आणि सावंतवाडीकडचे वाणिज्याचे एक सर. बिनविरोध नको, लोकशाही दिसली पाहिजे, असं चहाच्या दुसऱ्या फेरीत ठरलं.

सचिवाचं मुख्य काम मुंबईला जाणं. विद्यापीठ पाचशे किलोमीटरवर, आणि बैठक नेहमी शनिवारी दुपारी फोर्टात. कोकण रेल्वे झाली म्हणून बरं. 1990 साली तिचं महामंडळ निघालं तेव्हा रेल्वेमंत्री तेच जॉर्ज आणि अर्थमंत्री तेच दंडवते. म्हणजे एक युनियनवाला आणि एक प्राध्यापक यांनी मिळून आमच्या बैठकांची सोय करून ठेवली. फक्त गाडी मालवणात येत नाही. एसटीने कुडाळ गाठायचं आणि रात्री फलाटावर डासांच्या मागण्या ऐकायच्या.

प्रचाराला कणकवली, वेंगुर्ले, वैभववाडी असा फिरलो. 2013 साली प्राध्यापक संघटनांच्या राज्य महासंघाने, म्हणजे एमफुक्टोने, परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता. त्यातले जुने शिलेदार आधी ती लढाई सांगत, मग गुडघेदुखी. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन हवी होती. त्याआधी लागलेल्यांना ती आहेच, म्हणून त्यांना स्टाफरूमच्या पंख्याची काळजी. एका सरांनी भावाबरोबरचा बांधाचा वादही संघटनेने हाती घ्यावा, असं सुचवलं. तासिका तत्त्वावरची पोरं मात्र एवढंच विचारत, "सर, जूनमध्ये आम्ही असू ना?" माझ्या जाहीरनाम्यात याला कलम नव्हतं.

मतदानाआधीच्या सभेत मी तो जाहीरनामा वाचायला घेतला. तिसऱ्या मागणीला मागची रांग पेंगली. तेव्हा आचऱ्याकडचे एक सहकारी उठले, हात जोडले आणि त्यांनी देवळात घालतात तसं सरळ गाऱ्हाणंच घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुजी सगळी लेकरां हय जमली हत..."

"व्हय म्हाराजा!" मागची रांग खडबडून जागी.

"तेंच्या बढतीच्या, कॅसच्या फायली जंय अडकल्या आसतीत, थंयसून त्यो सुटांदेत..."

"व्हय म्हाराजा!"

"फरकाचे पैशे निवृत्तीच्या आदी मिळांदेत, पेपर तपासूची कामां शेजारच्या टेबलार जांवदेत..."

"व्हय म्हाराजा!!"

इतका एकमुखी पाठिंबा संघटनेला कधी मिळाला नसेल. सामाजिक शास्त्रांचे एक विवेकवादी सर सर्वांत मोठ्याने ओरडत होते.

निकाल लागला आणि मी एका मताने आलो. हे फार वाईट. शंभर मतांनी आलेल्या माणसाला कोणाचंच देणं नसतं; एका मताने आलेल्याला प्रत्येक मतदार भेटून सांगतो की ते मत त्याचंच. पंखेवाले सांगून गेले. बांधवाले नकाशा घेऊन आले. ज्यांची वर्गणी थकल्यामुळे नाव यादीतच नव्हतं, त्या सरांनीही खांद्यावर हात ठेवून "त्या एका मताची आठवण ठेवा" म्हटलं.

रात्री सावंतवाडीहून फोन आला. पडलेले उमेदवार होते. मी सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो, पण आवाज भलताच टवटवीत.

"सर, अभिनंदन! एक सांगू? माझं स्वतःचं मत मी तुम्हालाच टाकलं. ते एक मत माझंच."

मी काय बोलणार!

"आता माझी कॅसची फाईल तेवढी बघा. शनिवारी मुंबईला जाताय ना?"