सभागृहात न आलेल्या विधेयकास अनावृत पत्र

प्रति,
माननीय क्रिप्टोकरन्सी व अधिकृत डिजिटल चलन नियमन विधेयक, 2021,
मुक्काम फाइलीत, नवी दिल्ली.

विषय: महोदयांच्या अनुपस्थितीत चोख चाललेल्या नियमनाबाबत.

महोदय,

2021 च्या अर्थसंकल्पीय आणि हिवाळी अशा दोन्ही अधिवेशनांच्या कामकाजाच्या यादीत महोदयांचे नाव झळकले. परंतु महोदय सभागृहात आले नाहीत आणि त्यांचा मसुदाही जनतेच्या दृष्टीस पडला नाही. त्यामुळे अर्जदाराचे, म्हणजे पगारातून उरलेल्या पैशांत थोडेफार बिटकॉइन घेऊन ठेवणाऱ्या सामान्य धारकाचे, नियमनावाचून अडले असेल अशी काळजी महोदयांनी करू नये.

2022 च्या वित्त कायद्याने या ऐवजास ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असे नाव दिले आणि तिच्या हस्तांतरणातून होणाऱ्या नफ्यावर 30 टक्के कर व त्यावर उपकर बसवला. खरेदीची किंमत वगळता त्यातून कोणताही खर्च वजा होत नाही, एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वळता होत नाही आणि तो पुढच्या वर्षात ओढताही येत नाही. म्हणजे एका नाण्यात दहा हजार रुपये मिळाले आणि दुसऱ्यात तितकेच बुडाले, तर धारकाच्या हाती काहीच उरत नाही आणि त्या काहीच नसण्यावर 3,120 रुपये कर देय होतो. महसूल उभारण्याची ही रीत अर्थशास्त्राच्या ग्रंथांत सहसा आढळत नाही. लॉटरीच्या बक्षिसाला आणि घोड्यांच्या शर्यतीतील कमाईलाही करदर हाच असल्याने धारकाची गणना कोणाच्या पंगतीत होते, एवढे मात्र स्पष्ट झाले.

1 जुलै 2022 पासून त्यात टीडीएसची, म्हणजे मोबदला हाती पडण्यापूर्वीच कापल्या जाणाऱ्या कराची भर पडली. ही 1 टक्का कपात नफ्यावर नसून विक्रीच्या संपूर्ण रकमेवर होते. साहजिकच तेच भांडवल फिरवून शंभर वेळा विक्री केली, तर नफा वा तोटा काहीही झाला नाही असे धरले तरी सुमारे 63 टक्के रक्कम सरकारजमा होते आणि विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत तिथेच राहते. त्या विवरणपत्रातही या मालमत्तेसाठी स्वतंत्र परिशिष्ट असून प्रत्येक व्यवहाराची खरेदीची तारीख, विक्रीची तारीख आणि किंमत त्यात लिहावी लागते, म्हणून धारकाचे जुलै महिन्यातील रविवार एक्सेलच्या रकान्यांत आणि सीएच्या दारात जातात.

मार्च 2023 मध्ये हे व्यवहार मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले आणि व्यवहारमंचांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे, म्हणजे संशयास्पद पैशावर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेकडे, नोंदणी करणे बंधनकारक झाले. हा भाग अनाठायी म्हणता येत नाही, कारण अनोळखी खरेदीदाराने पाठवलेला पैसा सायबर फसवणुकीतला निघाला, तर बँक खाते गोठते ते निरपराध विक्रेत्याचे. तरीही सातोशी नाकामोतो या टोपणनावाने 2008 मध्ये मांडली गेलेली, मध्यस्थाशिवाय पैसा पाठवण्याची कल्पना पॅन, आधार आणि कॅमेऱ्यासमोर मान डावी-उजवीकडे वळवून दिलेला जिवंतपणाचा पुरावा यांपर्यंत येऊन पोहोचली, याची नोंद घ्यावी लागते.

इतके होऊनही धारकाचे स्थान काय, हा प्रश्न शिल्लकच आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2018 च्या परिपत्रकाने बँकांची दारे बंद केली आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये ते परिपत्रक रद्द केले, त्यावरून हा व्यवहार निषिद्ध नाही असे समजायचे. तो वैध आहे असे मात्र कोणी म्हणत नाही, आणि वैधतेचा प्रश्न वेगळा असून कर लावण्याचा अधिकार सरकारला आहे, असे वित्तमंत्र्यांनी फेब्रुवारी 2022 मध्ये राज्यसभेत सांगितले आहे. महोदयांच्या नावातील उत्तरार्ध, म्हणजे अधिकृत डिजिटल चलन, तर महोदयांची वाट न पाहताच 1 डिसेंबर 2022 रोजी मुंबईसह चार शहरांत किरकोळ वापरासाठी प्रायोगिक स्वरूपात अवतरले.

अशा स्थितीत महोदयांनी त्वरित यावे अशी विनंती करणे अर्जदारास स्वाभाविक वाटते, परंतु 2019 च्या मसुद्याचे, म्हणजे महोदयांच्या थोरल्या बंधूंचे, नावच ‘बंदी’ या शब्दाने सुरू होत होते आणि त्यांच्या पोतडीत दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद होती. सबब, महोदयांचा स्वभाव त्यांच्यावर गेला आहे किंवा कसे, एवढे येण्यापूर्वी उलट टपाली कळवावे.

कळावे,
एक करपात्र, केवायसीयुक्त, परंतु अद्याप अमान्य धारक