मेन्यूकार्ड मोठं, ऑर्डर एकच

बझरबीटर या ऑनलाइन बास्केटबॉल मॅनेजर खेळात आक्रमणाचे डावपेच निवडायचे म्हणजे उडप्याचं मेन्यूकार्ड हातात घेणं. पेशंट, मोशन, रन अँड गन, प्रिन्स्टन... सगळं नीट वाचायचं, मान डोलवायची आणि मागवायचं ‘लुक इनसाइड’. चेंडू आत, उंच गड्याच्या हातात. पुढे तो आणि त्याचं नशीब!

मी मात्र एकदा शहाणपणा केला. प्रशिक्षक पीट कॅरिलच्या प्रिन्स्टन विद्यापीठ संघाने याच डावपेचाने १९९६ साली अमेरिकेच्या कॉलेज स्पर्धेत गतविजेत्या यूसीएलएला ४३-४१ असं लोळवलं होतं, हे वाचून डोकं फिरलेलं. लावलं प्रिन्स्टन. गडी सावकाश पास देत राहिले, अगदी लग्नाच्या पंगतीत मीठ वाढल्यासारखे. मग बाहेरून नेम धरायची वेळ आली. त्याला लागतो जंप शॉट, आणि मी तर सगळं ट्रेनिंग त्या उंच गड्याला, म्हणजे सेंटरला, बास्केटखालून मारायला शिकवण्यात घालवलेलं. (त्याचा पगार विचारू नका.)

समोरच्याने, मी लुक इनसाइडच खेळणार असं धरून, आतली बाजू अडवणारा २-३ झोन बचाव लावला होता. बिचाऱ्याचा अंदाज साफ चुकला. जिंकला तोच.