पेरू कोणत्या चाकूने कापावा?

ज्या मनुष्यापाशी एकच चाकू असतो त्याला पेरू कापण्यापूर्वी विचार करावा लागत नाही; परंतु ज्याच्या कपाटातील एकाच खणात शेफील्ड, सोलिंगेन, सॅव्हॉय आणि स्वित्झर्लंड अशा चार मुलुखांची पाती नांदत असतात, आणि त्यांची वंशावळ ज्याला स्वकुळाच्या वंशावळीहून अधिक मुखोद्गत असते, त्याच्यापुढे तो पेरू एखाद्या किचकट दिवाणी दाव्यासारखा येऊन पडतो. या दाव्यात वादी आणि प्रतिवादी दोन्ही मीच: एक माझ्यातला संग्राहक, ज्याच्या मते पात्याला रस लागणे हा पात्याचा उपमर्द होय, आणि दुसरा माझ्यातला वहिवाटदार, ज्याला भूक लागलेली असते.

वहिवाटदाराची पहिली पसंती निर्विवादपणे ओपिनेलला. जोझेफ ओपिनेल याने 1890 मध्ये फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतात घडवलेला हा चाकू म्हणजे बीचच्या लाकडाची गोलसर मूठ आणि तीत मिटणारे एक पाते, एवढाच ऐवज. पुढे 1897 मध्ये 1 ते 12 असे क्रमांक लावून आकारांची जी प्रतवारी झाली, तीतील आठवा क्रमांक माझ्या मुठीत असा बसतो की, माप घ्यायला कोणी गुपचूप पुण्यास येऊन गेला असावा. 1955 मध्ये मुठीच्या तोंडाशी फिरते कडे आले आणि उघडे पाते बोटांवर अकस्मात मिटण्याचे भय टळले. ते कडे मी विनाकारण कितीदा फिरवतो याचा हिशेब घरातील मंडळींपाशी आहे. याचे कार्बन पोलाद निसण्यावर थोडे घासताच नामी धार घेते, परंतु लिंबू-कैरीच्या आम्लाने काळवंडते आणि ओले राहिल्यास गंजते. पहिली कैरी चिरल्यानंतर पात्यावर निळसर-करडी छटा उमटली तेव्हा वहिवाटदारास कृतार्थ वाटले. संग्राहकाने मात्र रीतसर पंचनामा केला, पात्यास तेल लावले आणि चाकू जप्त करून कपाटात ठेवला.

व्हिक्टोरिनॉक्सची गोष्ट निराळी. कार्ल एल्सनर याने 1891 मध्ये स्विस सैन्यास जे चाकू पुरवले त्यांत साध्या शिपायाकरिता बंदुकीचे पेच फिरवण्याचे अवजार होते. 1897 मध्ये अधिकाऱ्यांकरिता जो हलका चाकू नोंदवला गेला त्यात बूच काढण्याचा मळसूत्री आकडा आला, यावरून दोन्ही हुद्द्यांच्या कामकाजाची वाटणी वाचकांनी ताडावी. आमच्या सदाशिव पेठेतील बिऱ्हाडात बुचाची बाटली एकच, आणि ती एरंडेलाची. तेव्हा हा आकडा मी सुतळीच्या घट्ट गाठी सोडवण्याकडे तैनात केला, आणि त्या कामी त्याच्या तोडीचा कारकून मी पाहिलेला नाही. पाते तर इतके सोशिक की आम्लाने काळवंडत नाही, सहसा गंजत नाही, कुरकुरत नाही. नेमक्या याच सद्गुणांमुळे मला त्याच्याविषयी नितांत आदर वाटतो. प्रेम वाटत नाही.

सोलिंगेनच्या जुळ्यांची निशाणी पेटर हेंकेल्स याने 13 जून 1731 रोजी नोंदवली, म्हणजे हा चाकू राशीने मिथुन. तो मी मोठ्या अपेक्षेने स्वयंपाकघरात रुजू केला. सौभाग्यवतींनी पत्रिका न पाहताच स्थळ परत पाठवले. विळीचे पाते जागचे हलत नाही आणि दोन्ही हात सुरणाला मोकळे राहतात, या युक्तिवादास जर्मनीपाशी उत्तर नव्हते. राहिला शेफील्डचा रॉजर्स. त्याने आजोबांनी कचेरीत आयुष्यभर बोरू तासले, आणि निसण्यावर झिजून झिजून त्याचे पाते निम्मे उरले. माझ्या संग्रहात खऱ्या अर्थाने वापरलेला चाकू हाच एक; म्हणूनच त्याला हात लावण्याची संग्राहकाची सर्वांत कडक मनाई आहे.

अखेर तडजोडीदाखल प्रत्येक प्रकारची दुसरी प्रत घ्यावी, एक दर्शनाची व एक वहिवाटीची, असे ठरले. दुसऱ्या प्रतीही पहिल्यांइतक्याच देखण्या निघाल्याने त्या कपाटात गेल्या. मग मी तुळशीबागेतून एक निनावी, ओबडधोबड सुरी आणली आणि कित्येक महिने निर्वेध पेरू खाल्ले. परवा ती धुताना पात्याच्या मुळाशी, अर्धवट पुसलेली, कुणा अज्ञात कारागिराची छाप दिसली. ती भिंगाखाली पाहून होईपर्यंत पेरू दातांनीच खाण्याचा हुकूम झालेला आहे.