खटका पडला!

लाईट गेली की शेवगावचा माणूस आधी घराबाहेर येतो. ओट्यावर उभं राहून डावीकडं बघायचं, उजवीकडं बघायचं, मग गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकायची. सगळीकडं अंधार दिसला की जीव भांड्यात पडतो. डीपीवर काही झालं असेल, अमरापूरकडं वारं सुटलं असेल, कारण काहीही असो. आपली एकट्याची गेलेली नाही, एवढं पुरतं. लोडशेडिंगच्या वर्षांत आम्ही तासन् तास अंधारात बसलो, पण सगळे मिळून बसलो. त्यामुळे तक्रार करायला सोबत होती आणि डासांनाही निवडीला वाव होता.

गल्लीत झगझगाट आणि आपलंच घर तेवढं काळंकुट्ट, ही बेअब्रू आमच्या वाट्याला कधी आली नव्हती. ती आणली आरसीसीबीनं.

झालं असं की घराचं रंगकाम काढलं आणि रंगारी म्हणाला, हा बोर्ड तेवढा भिंतीवरून उतरवा. बोर्ड म्हणजे सागवानी फळी, तिच्यावर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि त्यांत अण्णांनी स्वतःच्या हातानं भरलेली तार. अण्णा म्हणजे माझे वडील. उभी हयात जिनिंगमध्ये फिटर म्हणून काढलेली. फ्यूज उडाला की दुसरे लोक एक पदर तार घालतात. अण्णा चांगला पीळ देऊन घालत. त्यांनी भरलेला फ्यूज परत कधी उडत नसे. भिंतीतली वायर जळायची, फ्यूज शाबूत राहायचा. याचा त्यांना आजही अभिमान आहे.

त्या फळीच्या जागी पांढरी पेटी आली. पेटीत एमसीबींची रांग आणि रांगेच्या सुरुवातीला हा जाडजूड खटका, म्हणजेच आरसीसीबी. वायरमननं मला समजावून सांगितलं ते असं : एमसीबी बघतो की वीज फार ओढली तर जात नाही ना. आरसीसीबीला त्याच्याशी देणंघेणं नाही. त्याचा एकच धंदा. फेजमधून जेवढी वीज घरात गेली तेवढी न्यूट्रलमधून परत आली पाहिजे. मधल्यामध्ये तीस मिलिअँपिअर कुठं गळाले, की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत अख्खं घर बंद करतो. कुठं गळाले ते सांगत नाही. हिशेब जुळला नाही म्हणून शटर ओढून घेणाऱ्या कॅशियरसारखा हा प्रकार. असे कॅशियर आमच्या जिल्ह्यातल्या काही पतसंस्थांना मिळाले असते तर ठेवीदारांचे उन्हाळे सुखाचे गेले असते.

"तीस मिलिअँपिअर म्हणजे किती?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, एका अँपिअरचे हजार भाग करा, त्यातले तीस."

"एवढ्याला घाबरतंय? मी जिनिंगमध्ये कितीदा चिकटलो असेल!"

अण्णांना माहीत नव्हतं, पण चिकटण्याचा शास्त्रोक्त अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डॅलझिल नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी स्वयंसेवकांच्या हातात विजेची तार देऊन, किती करंटपर्यंत माणूस ती आपणहून सोडू शकतो, याची मोजमापं घेतली. पुरुषांची सरासरी सोळा मिलिअँपिअरच्या आसपास भरली. त्यापुढं हाताचे स्नायू आखडतात आणि मूठ उघडतच नाही. याच डॅलझिलांनी १९६१ मध्ये वीज गळताच लाईन तोडणारं यंत्र पुढं आणलं. मी हे अण्णांना सांगितल्यावर ते म्हणाले, "आपल्याकडं यायचं होतं. ऊस भिजवायच्या रात्री एका चकरेत शंभर माणसं मोजून झाली असती."

पहिले काही दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी खट्ट! मी सवयीनं ओट्यावर गेलो, तर समोर गुरुजींच्या घरात टीव्ही दणक्यात चालू. आत येऊन खटका वर केला. तो मुकाट्यानं वर राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा खट्ट. पुन्हा वर केला, पुन्हा राहिला. तेव्हापासून दिवस मावळला की पाच-दहा मिनिटं मागंपुढं हा कार्यक्रम ठरलेला. कधी कधी दोनदा. जास्तकरून वारं असलं की दोनदा.

आता घरात जेवढी माणसं तेवढे संशयित झाले. अण्णांनी बायकोच्या मिक्सरवर बोट ठेवलं. बायको म्हणाली, "मिक्सर सकाळी लागतो, अण्णा. संध्याकाळी तुमचा पंखा कुरकुर करतो." पंखा अण्णांनी स्वतः रिवाइंड केलेला असल्यामुळे त्या बाजूचा तपास तिथंच थांबला. मग फ्रिज. मग मोटर. मोटरीवर माझा फार संशय होता, कारण आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही आणि येतं तेव्हा हौदातलं वर चढवायची एकच घाई उडते. अशा वेळी मोटर दगा देणार नाही तर कधी देणार? पण पाणी न आलेल्या दिवशीही खटका पडतच होता. वाऱ्याच्या धाग्यावरून मी गच्चीवर चढलो, डिशची केबल हलवून पाहिली, शेजारच्या लिंबाच्या फांद्या छाटल्या. गुरुजींचं लिंबू आणि माझी लाईट यांचा काहीएक संबंध निघाला नाही. गुरुजींशी मात्र दोन दिवस बोलणं बंद होतं.

गावात सल्ला एकच मिळाला आणि तो सगळ्यांनी दिला. क्रांती चौकात चहाला थांबलो तरी तोच. "काढून टाका ना सर ते. डायरेक्ट करून घ्या." आमच्याकडं सगळ्या दुखण्यांवर हा उतारा आहे. स्टार्टर बिघडला, मोटर डायरेक्ट करा. बटण बिघडलं, पंखा डायरेक्ट करा. गॅसचं लायटर आणि मोटरसायकलची चावीसुद्धा या उपचारातून सुटलेली नाही.

वायरमन आला तो भर दुपारी. त्यानं सगळे एमसीबी पाडले, एकेक वर केला. सगळं ठीक. पेटी उघडली, स्विचबोर्ड उघडले. हॉलच्या बोर्डात कुंभारमाशीनं मातीची दोन सुबक घरं बांधली होती. स्वयंपाकघरातल्या बोर्डात पालीच्या अंड्यांची फुटकी टरफलं निघाली. "हे बघा," तो म्हणाला, "ओल धरती माती." माती खरवडली, पैसे घेतले, गेला. संध्याकाळी खट्ट.

शेवटी मी त्याला गळ घातली, की बाबा, दिवेलागणीलाच ये. आला. मागच्या दारात पाटावर बसला, चहा घेतला. सगळेजण पेटीकडं टक लावून बसलो होतो. तो एकटा परसात बघत होता. आई नेहमीसारखी हातपाय धुऊन बाहेर आली, तुळशीपुढं उभी राहिली, भिंतीवरचं बटण दाबलं.

खट्ट! अंधार.

"गेली वाटतं," आई म्हणाली आणि लगेच बटण बंद केलं. लाईट एकदम आली की बल्ब उडतो, हे तिनं लोडशेडिंगच्या काळात शिकून ठेवलेलं. मग तिनं पदराआड तेलाचा दिवा लावला.

"आजी," वायरमन हळूच म्हणाला, "सर खटका वर करतेत. तुम्ही परत दाबा बरं."

वर केला. दाबलं. खट्ट!

रोज हेच चाललं होतं. मी ओट्यावरून येईपर्यंत आई बटण बंद करून मोकळी, म्हणून खटका निमूट वर राहायचा. वारं असलं की तेलाचा दिवा विझायचा आणि आई दुसऱ्यांदा बटण दाबायची. लिंबाचा यात इतकाच संबंध.

"अरे पण झिरोचा बल्ब आहे तो! झिरोच्या बल्बानं काय होतंय?" आईला हे पटेना. झिरोचा म्हणतात तरी तो पंधरा वॅटचा असतो. २३० व्होल्टवर तो साधारण पासष्ट मिलिअँपिअर ओढतो आणि आरसीसीबीची मर्यादा तीस. तरी आईचा मुद्दा रास्त होता. ओढली तेवढी परत आली, तर त्याला पंधरा काय आणि हजार काय! परत येत नव्हती ती कुठं जात होती?

वायरमननं टॉर्च धरली. बल्बच्या होल्डरमधून दोन वायरी निघाल्या होत्या. एक बटणाकडं. दुसरी तुळशीच्या कट्ट्याला वळसा घालून गवतातून गेली होती आणि आटलेल्या बोअरच्या केसिंग पाईपला तिचे तीन वेढे घातले होते. वर काळी टेप, उन्हानं दगडासारखी झालेली. वेढे इतके एकसारखे, की घरात ते कुणाचे हे विचारायची गरज पडली नाही.

सगळे अण्णांकडं वळले.

"तवा न्यूट्रल होतं कुठं?" अण्णा म्हणाले. "डीपीवरचं न्यूट्रल महिना महिना तुटलेलं असायचं. फेज घ्यायचा न् दुसरी वायर जमिनीत. अख्खा गाव तसाच चालायचा. उजेड कमी पडला की अर्थिंगला बादलीभर पाणी टाकायचं, बल्ब कसा फुलायचा! तुझा दहावीचा अभ्यास कशावर झाला?"

हे खरं होतं. उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानाला हातभर भेगा पडतात. मग अर्थिंगला पाणी घालायचं काम माझ्याकडं असे. भूगोलातली मुख्य शहरं मला त्या बादलीच्या प्रकाशात पाठ झाली आहेत.

"इतकी वर्षं चालली माझी वायर," अण्णांनी शेवटचं सांगितलं, "न् तुमचं मशीन दिवाळीपर्यंत निघालं नाही."

वायरमन काही बोलला नाही. त्यानं पाईपाभोवतीची माती उकरली. खाली पाईप गंजून त्याचे पापुद्रे सुटत होते. "अण्णा, हा पाईप खाली तुटला असता तर वीज जमिनीत गेली नसती. वरच बसून राहिली असती." आई रोज सकाळी ओल्या हातानं तुळशीला पाणी घालते आणि तांब्या त्याच पाईपावर ठेवते. अण्णांनी पाईपाकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं, मग म्हणाले, "पक्कड दे इकडं." ते तीन वेढे त्यांनी स्वतः सोडवले.

नवी वायर पेटीपर्यंत ओढली. जाताना वायरमननं खटक्यावरचं छोटं बटण दाखवलं. हे अधूनमधून दाबून बघायचं. खटका पडला म्हणजे तो ठणठणीत आहे. हे काम अण्णांनी कुणाला विचारलं नाही, अंगावर घेऊन टाकलं. तारखा ध्यानात राहत नाहीत म्हणून एकादशी धरली. वेळ मात्र ठरलेली नाही. गेल्या एकादशीला बायकोच्या मालिकेतली सासू आपल्या सुनेला खरं काय ते सांगायला तोंड उघडते न उघडते तोच खट्ट झालं.

"अण्णाऽ!" आतून आवाज आला.

"चांगलाय," अण्णा अंधारातून म्हणाले. "एकदम ओके."