डबल बेल

आमच्या गावच्या गढीचा पडका बुरूज पुन्हा उभा राहिला, तो कुणामुळं, यावर पारावर अजून वाद होतात. कुणी चुन्याचं नाव घेतं, कुणी पोरांचं, कुणी महादेवाचं. तात्या बुरुजावर असले की मात्र हा वाद हळू आवाजात चालतो. त्यांना एवढ्या उंचावर ऐकू येत नाही, पण कुणाचं तोंड हलतंय ते दिसतं.

तात्या एसटीत कंडक्टर होते. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा या पट्ट्यात त्यांनी ज्याला "आत सरका" म्हटलं नाही असा माणूस सापडणं अवघड. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण मोजल्याशिवाय त्यांना माणसं दिसतच नाहीत. पंगत बसली की त्यांचे ओठ हलतात. मयतीला गेले तरी तिरडीमागची माणसं मोजून येतात आणि "बासष्ट होती, बरी होती" असं घरी सांगतात. खाकी उतरते, पण अंगातला कंडक्टर उतरत नाही, अशी ही जात. गावोगाव असते. कुठं ती देवळाच्या कमिटीत बसते, कुठं पाण्याच्या टाकीवर. आमच्याकडं बुरुजावर बसली.

बुरूज खाली काळ्या दगडाचा, वर पांढऱ्या मातीचा. पूर्वी त्यावर राखणदार बसायचा आणि दरोडेखोर दिसले की गावाला उठवायचा. हा सगळा मुलूखच तसा होता. ठगांवर १८३९ साली कादंबरी लिहिणारा मेडोज टेलर पुढं १८५३ मध्ये इथंच, नळदुर्गला कारभारी म्हणून आला. तात्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यानं ठग धरले, मी बिनतिकिटी धरले. खातं निराळं, काम एकच."

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि बुरुजाला वरपासून खालपर्यंत भेग पडली. त्या रात्रीनंतर या भागात दगडामातीच्या भिंतीखाली निजायची हिंमत कुणाला उरली नाही. जो तो सिमेंटच्या मागं लागला. त्यात कुणाची चूक काढावी असं मला वाटत नाही. पण बुरूज तेव्हापासून वाळीत पडला. त्यावर पिंपळ उगवला, भेगेत घोरपड राहायला आली.

मग तात्यांच्या भाच्यानं अमेरिकेतून फोटो आणि माहिती पाठवली. डोंगराच्या टोकावर लाकडी खोली, चौदा फूट लांब, चौदा फूट रुंद, चारी बाजूंनी काचा. आत बसून एक माणूस दिवसभर रानात धूर कुठं निघतोय ते बघायचा. मधोमध नकाशाचं गोल टेबल, त्यावरून धुराची दिशा मोजायची. विजा कडाडायला लागल्या की काचेच्या पायांच्या स्टुलावर उभं राहायचं. आता अशा खोल्या हौशी माणसं फुकट राबून दुरुस्त करतात आणि तिथलं वनखातं त्या खोल्या लोकांना एका रात्रीसाठी भाड्यानं देतं.

तात्यांनी हे तीनदा वाचून घेतलं. "म्हणजे दिवसभर वर बसायचं आणि खाली बघायचं? आणि ह्याचा पगार?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोहीम काढली. गढीला सात वारस, त्यातले तीन एकमेकांशी बोलत नाहीत. तात्यांनी सातही जणांच्या सह्या आणल्या, त्या कशा हे विचारू नये. एकानं पाटीवर आजोबांचं नाव मागितलं, दुसऱ्यानं ते नको म्हणून अट घातली. दोघांनाही "बघू" म्हणाले आणि पाटीच केली नाही.

दर रविवारी सकाळी सहाला श्रमदान. हजेरीला वही नव्हे, वेबिल. शाळेतली पोरं हाफ, पंचाहत्तरीच्या पुढचे मोफत, म्हणजे त्यांनी नुसतं सावलीत बसायचं. बायकांना सवलत म्हणून निम्मी पाटी ठरवली. बायकांनी ती तिथंच पालथी केली आणि पुरुषांपेक्षा दोन खेपा जास्त टाकल्या. काम सुरू करायला डबल बेल, थांबवायला एक. घंटा शाळेची. ती तात्यांच्या हाती गेल्यापासून आमची शाळा शिट्टीवर भरते.

खरी लढाई चुन्यावरून झाली. गवंड्यापासून सरपंचापर्यंत सगळे म्हणत होते, भेगेत सिमेंट कोंबा आणि वरून गिलावा मारा. मी मास्तर माणूस, जमेल तसं समजावलं. सिमेंटचा थर वरून घट्ट बसतो, पण मातीतली ओल त्यातून बाहेर पडत नाही. ती आतल्या आत मुरते आणि चार पावसाळ्यांत तो थर मातीचं ढेकूळ घेऊन खाली येतो. चुना ओल सोडत राहतो. कुणाला पटेना. तात्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "सिमेंट म्हणजे भर उन्हाळ्यात बंद खिडकीची गाडी. आतलं पाशिंजर उकडून मरतंय."

तरी खात्री करायला त्यांनी सगळ्यांना नळदुर्गला नेलं. एसटीनंच. चढताना एकवीस मोजले, उतरताना एकवीस मोजले. गाडीचा खरा कंडक्टर कोपऱ्यात उभा राहून बघत होता. किल्ल्यात त्यांनी आधी उपळ्या बुरुजाकडं धाव घेतली. हा किल्ल्यातला सगळ्यात उंच. वर मगर तोफ आणि हत्ती तोफ. तात्यांनी तोफांकडं ढुंकूनही पाहिलं नाही, हायवेवरून कुठल्या डेपोची गाडी लेट चाललीय ते बघत बसले. मग पाणीमहालात उतरलो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं १६१३ मध्ये बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात हा महाल बांधून घेतला. पावसाळ्यात डोक्यावरून नदी कोसळते आणि आत माणूस उभा राहतो. सरपंच बराच वेळ वर बघत राहिले. तात्या म्हणाले, "चारशे वर्षं झाली. आपला सभामंडप किती दिवस कोरडा होता?" परतीच्या गाडीत सिमेंटचा विषय निघाला नाही.

मग चुना भिजत घातला. गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी, सगळं जुन्या गवंड्याच्या तोंडून विचारून. गुळाची ढेप पहिल्या रविवारी पाव हलकी भरली; तात्यांनी पोरांची तोंडं उघडून पाहिली. पिंपळाला हात लावायला कुणी तयार नव्हतं. नुसता वरून छाटला तर मुळं आत जाडजूड होत जातात, म्हणून दगड सुटे करून तो मुळासकट काढला आणि महादेवाच्या आवारात लावला. निघताना तात्यांनी त्याला हात जोडले. "चला, तुमचा स्टॉप आला."

बुरूज झाला आणि तात्या वर गेले. काचेच्या पायांचं स्टूल मिळेना, म्हणून चार बरण्यांवर फळी ठेवली. त्यातल्या दोन बरण्यांत लोणचं होतं. काकूंनी आठ दिवस वाट बघितली आणि स्टूल मोडलं.

वरून तात्यांना आता सगळं दिसतं. कुणाची मोटर रात्रभर चालली, कुणाची म्हैस कुणाच्या कडब्यात शिरली, कोण पोरगं शाळेला म्हणून निघालं आणि ओढ्याला गेलं. संध्याकाळी खाली उतरून ते ज्याच्या त्याच्या घरी जाऊन सांगतात. उन्हाळ्यात माळाला वणवा लागतो, म्हणून त्यांना वर बसवलं होतं. चैत्रात एकदा खरंच धूर दिसला. तात्यांनी बेल ओढली ती सोडलीच नाही. चाळीस-पन्नास माणसं बादल्या, ओले गोणपाट, कडुनिंबाचे डहाळे घेऊन माळावर पोचली. तिथं शेजारच्या गावचं लग्न होतं आणि आमटीच्या चुली पेटल्या होत्या. यजमानानं हात जोडले आणि सगळ्यांना पंगतीला बसवलं.

तात्या मागून आले. म्हणाले, "त्रेपन्न हायती. तेवढी पानं मांडा."

बुरूज दर रविवारी सकाळी सहा ते नऊ सगळ्यांना खुला असतो. एका वेळी आठ जणच वर. तिकीट नाही, तरी सुट्टे जवळ ठेवा. तात्या सवयीनं मागतात.